धरलेला हात मागे ओढायचा नाही

प्रश्न एका आईचा आहे. लेक सतरा वर्षांची, बारावी झालेली, जुलैपासून शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात राहणार. घराजवळच्या शाळेच्या सभागृहात ऐकिडोचा वर्ग भरतो. हा जपानी युद्धकलेचा प्रकार नेमका काय आहे, नावाचा अर्थ काय, तिथे करून काय घेतात, आणि हाताशी असलेल्या तीन महिन्यांत मुलगी स्वतःचा बचाव करण्याइतकी तयार होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी तेवीस वर्षं ऐकिडो करते आहे, गेली अकरा वर्षं शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तीन महिन्यांत ती कुणाला लोळवू शकणार नाही. तसं वचन देणारा वर्ग दिसला तर तिथे पैसे भरू नका. मात्र तेवढ्या काळात काही गोष्टी अंगात मुरायला लागतात आणि मला त्या डावपेचांहून मोलाच्या वाटतात. त्या कोणत्या हे सांगण्याआधी नावाचा अर्थ सांगायला हवा, आणि तो अर्थ वाचून कळण्यापेक्षा हाताने लवकर कळतो. म्हणून आधी एक छोटा प्रयोग करा.

घरातल्या कुणा ताकदवान माणसाला समोर उभं करा. उजवा पाय पुढे ठेवून त्याने उजव्या हाताने तुमचं डावं मनगट घट्ट धरायचं. आता सोडवून बघा. जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा हात मागे ओढतो, हिसडा देतो. खांदा कानाकडे चढतो, श्वास अडकतो, पाय जमिनीला खिळतात. ही रस्सीखेच झाली, आणि रस्सीखेचीत वजनदार माणूस जिंकतो.

आता पुन्हा धरायला सांगा. या वेळी हात ओढू नका, ढकलूही नका. आहे तिथेच, पोटासमोर राहू द्या. कोपर खाली, बोटं उघडी. डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला टाका आणि त्याच पायावर वळून उजवा पाय मागे घ्या. तुम्ही त्याच्या शेजारी, तो बघतो आहे त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहाल. त्याची पकड तुम्ही सोडवलेली नाही. तरीही त्याचा हात ताणला गेला आहे, त्याचं वजन पावलांच्या चवड्यांवर आलं आहे आणि तुमचा उजवा हात, तुमचे पाय, तुमचा आवाज असं सगळं मोकळं आहे. पहिल्या खेपेला हे नीट जमणार नाही, पण फरक जाणवेल.

या वळण्याला ‘ताइ नो हेन्को’ म्हणतात. मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत हे किंवा याचंच एखादं भावंड रोज करून घेतात. मी स्वतः हे किती हजार वेळा केलं असेल याचा हिशेब नाही, आणि अजूनही एखाद्या संध्याकाळी त्यात नवीन काही हाती लागतं.

आता नाव. जपानीत ते तीन चिन्हांनी लिहितात. ‘आइ’ म्हणजे जुळणं, एकत्र येणं, डब्याला झाकण बसतं तसं बसणं. ‘कि’बद्दल फार धुकं पसरवलं गेलं आहे. कुणी त्याला प्राण म्हणतं, कुणी वैश्विक ऊर्जा, कुणी हातातून निघणारी लहर. जपानी माणूस मात्र हा शब्द दिवसभर बोलत असतो. तब्येत ठणठणीत असणं म्हणजे ‘गेन्कि’, हवामान म्हणजे ‘तेन्कि’, आजार म्हणजे ‘ब्योकि’, आणि या सगळ्यांत तोच ‘कि’ आहे. मला आपला ‘जीव’ हा शब्द त्याच्या सगळ्यांत जवळचा वाटतो. आपला जीव लागतो, रमतो, घाबरतो, टांगणीला लागतो. शरीर, श्वास, लक्ष आणि इच्छा यांची मिळून जी एक ओढ असते, ती ‘कि’. आणि ‘दो’ म्हणजे वाट, ज्युडो-केंडोमधला तोच. (आपण ‘डो’ म्हणतो, जपानी लोक ‘दोऽ’ असं लांबवतात.)

तर समोरच्याच्या जिवाची ओढ जिकडे आहे तिच्याशी आपली ओढ जुळवण्याची वाट, म्हणजे ऐकिडो. ‘सुसंवादाचा मार्ग’ असं त्याचं भाषांतर छापलेलं दिसतं. ते चूक नाही, पण त्यामुळे लोकांना हा शांततेचा उपदेश वाटतो. तुम्ही आत्ता घरात वळून पाहिलंत तेव्हा जे घडलं तोच या शब्दाचा सरळ, शारीरिक अर्थ आहे. त्याच उच्चाराचं, ‘प्रेम’ अर्थाचं दुसरंही एक चिन्ह जपानीत आहे, आणि ऐकिडोचे संस्थापक उतारवयात हा श्लेष आवर्जून करत. ते त्यांच्या आयुष्याच्या शेवटी आलं. सुरुवात बरीच राकट होती.

संस्थापक मोरिहेइ उएशिबा यांचा जन्म १८८३ चा, वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावचा. उंची पाच फुटांच्या थोडीशी वर. १९१२ मध्ये ते गावाकडच्या कुटुंबांचा जथा घेऊन उत्तरेला होक्काइदो बेटावर शिराताकी इथे जंगल तोडून शेती करायला गेले. तिथे असताना १९१५ मध्ये एन्गारु गावच्या एका खानावळवजा मुक्कामी त्यांची सोकाकु ताकेदा यांच्याशी गाठ पडली. ताकेदा म्हणजे आइझुच्या सामुराई परंपरेतला, फिरस्ता आणि अत्यंत संशयी गुरू. ते ‘दाइतो-र्‍यू’ नावाची जुजुत्सू, म्हणजे जुनी जपानी झुंजकला, शिकवत. मनगट, कोपर, खांदा यांचे आजच्या ऐकिडोतले बहुतेक पेच तिथूनच आले आहेत. पुढे वडील आजारी असल्याचं कळून उएशिबा होक्काइदोहून निघाले, आणि वाटेत आयाबे इथे ओमोतो या नव्या धर्मपंथाचे ओनिसाबुरो देगुची त्यांना भेटले. कुस्तीगिराच्या अंगातली रग आणि या पंथाची भक्ती एका माणसात एकत्र आली, आणि त्यातून पुढची चाळीस वर्षं ही कला हळूहळू बदलत गेली. १९३१ मध्ये टोकियोत वाकामात्सु-चो भागात त्यांची कायमची तालीम उघडली. ‘ऐकिडो’ हे नाव अधिकृतपणे आलं ते १९४२ मध्ये. त्याच सुमाराला टोकियो सोडून ते इबाराकी प्रांतात इवामाला शेती करायला गेले. २६ एप्रिल १९६९ ला ते वारले.

या इतिहासातली एक गोष्ट तुमच्या लेकीला थेट लागू पडते. एवढे सगळे डाव मनगट धरण्यापासूनच का सुरू होतात, असं नवे विद्यार्थी हमखास विचारतात. कारण तलवारीत आहे. सामुराईचा उजवा हात मुठीवर गेला की तलवार बाहेर आली, म्हणून ते मनगट दाबून धरणं हा समोरच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असे, आणि धरलेला हात सोडवून तलवार उपसणं हा सामुराईसाठी. ऐकिडोतले प्रहारही तलवारीचेच आहेत. ‘शोमेन-उची’ म्हणजे सरळ टाळूवर उतरणारा, ‘योकोमेन-उची’ म्हणजे तिरका कानशिलावर येणारा. हातात तलवार नसली तरी तळहाताच्या कडेला ‘तेगाताना’, हाताची तलवार, असं म्हणतात. तलवारी गेल्या, पण मुलींचं मनगट धरणं काही गेलं नाही. बसमध्ये, जिन्यात, नातेवाइकांच्या लग्नात ते अजून धरलं जातं. बाईच्या दृष्टीने या कलेतला हा सगळ्यात जुना भागच सगळ्यात ताजा आहे.

उएशिबांच्या शिष्यांनी पुढे आपापल्या शाखा काढल्या, आणि वर्ग निवडताना हे माहीत असलेलं बरं. मुख्य धारा आयकिकाई, तिची सूत्रं उएशिबांच्या घराण्यातच आहेत. युद्धाआधीचे शिष्य गोझो शिओदा यांनी १९५५ मध्ये योशिन्कान काढलं. त्यांची शैली कडक, कोनाकोनांत बांधलेली, आणि टोकियोचे दंगल-नियंत्रण पोलीस तिथे शिकत आले आहेत. केन्जी तोमिकी मूळचे ज्युडोतले. त्यांनी वासेदा विद्यापीठात मऊ नकली सुऱ्याविरुद्धच्या स्पर्धा सुरू केल्या. बाकी ऐकिडोत स्पर्धा जवळजवळ नाहीतच. कोइची तोहेई १९७४ मध्ये ‘कि’वर भर देत वेगळे झाले. एका नावाखाली इतके वेगळे स्वभाव आहेत, त्यामुळे एक वर्ग पाहून साऱ्या ऐकिडोबद्दल मत बनवू नका.

आता प्रत्यक्ष वर्ग. आत शिरताना वाकून नमस्कार, मांडी न घालता गुडघे मुडपून ‘सेइझा’त बसणं, जोडीदाराला ‘ओनेगाइशिमासु’ म्हणजे ‘कृपा असू द्या’ म्हणणं. मग अंग मोकळं करणं आणि त्यानंतर पडणं. पहिले काही आठवडे मुलगी घरी येऊन सांगेल की आम्हाला नुसतं पडायला लावतात. लावू द्या. याला ‘उकेमी’ म्हणतात, शब्दशः अंगावर झेलणं. मागे पडताना एक पाय दुमडून कुल्ल्यावर, मग पाठीवर गोल जायचं, हनुवटी छातीला, नजर कमरेच्या पट्ट्यावर. पुढे पडताना हाताच्या कडेवरून दंड, दंडावरून खांदा, तिथून पाठीवर तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं जमिनीला लागता कामा नये, एवढा एकच नियम मी लहान मुलांना सांगते आणि बाकीचं त्यांचं अंग आपोआप शोधून काढतं.

मोठ्यांना हे जड जातं. चाळिशीचा माणूस पडायला घाबरतो ते दुखापतीमुळे कमी आणि लाजेमुळे जास्त. मी तिशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली, आणि पुढे पडणं जमायला मला पाच महिने लागले. चार वर्षांपूर्वी जुलैत रेल्वे पुलाच्या ओल्या पायऱ्यांवरून दोन्ही पाय एकदम निसटले. खांद्याला पिशवी, हातात छत्री. विचार करायला वेळ नव्हता. हनुवटी छातीला लागलेली मला नंतर आठवली. दोन आठवडे माकडहाड दुखलं, डोक्याला साधं खरचटलंही नाही. तेवीस वर्षांत ऐकिडोने मला खऱ्या अर्थाने वाचवलं ते त्या दिवशी, आणि तेव्हा समोर हल्लेखोर कुणीच नव्हता. म्हणून सांगते, तीन महिन्यांत मुलगी फक्त पडायला शिकली तरी फी वसूल झाली असं समजा. मुलं स्कूटरवरून पडतात, वसतिगृहाच्या न्हाणीघरात घसरतात, आणि धक्का देऊन पाडलं गेलं तर लगेच उठून पळता येणं हाच बचाव असतो.

पडण्यानंतर डाव. सराव जोडीने होतो. एक जण हल्ला करतो आणि झेलतो, तो ‘उके’. दुसरा डाव करतो, तो ‘नागे’. दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून, मग अदलाबदल. म्हणजे अर्धा वेळ प्रत्येकाला पडणाऱ्याच्या भूमिकेत घालवावा लागतो, मग पट्टा कुठलाही असो. पहिला पेच ‘इक्क्यो’. त्यात कोपराचा ताबा घेऊन माणसाला पालथं जमिनीवर नेतात. ‘निक्यो’त मनगट असं वळतं की गुडघे आपोआप टेकतात. ‘कोते-गाएशी’त मनगट बाहेरच्या बाजूला दुमडलं जातं, आणि ‘इरिमी-नागे’त तुम्ही हल्ल्याच्या रेषेतून बाजूला सरकत त्याच्या पाठीशी शिरता. नावं पाठ करायची घाई नको. सगळ्यांत दोनच हालचाली आहेत: ‘इरिमी’, म्हणजे आत शिरणं, आणि ‘तेन्कान’, म्हणजे वळणं.

तिसऱ्या वर्षी मी एक चूक केली. एका नव्या मुलाबरोबर कोते-गाएशी करताना मी मुद्दाम हात ताठ धरला, डाव लागत नाही हे त्याला दाखवायला. त्याने घाबरून जोर लावला, आणि माझं मनगट सहा आठवडे पट्टीत राहिलं. दोष माझा होता. ताठ सांधा आधी दुखतो आणि मग तुटतो. सैल, जागा असलेला सांधा माणसाला पडायची वाट दाखवतो. हात धरला की ताठरायचं नाही, हे मी रोज शिकत होते आणि ऐन वेळी तेच विसरले.

आता आक्षेपाकडे येते. तो खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. चलतचित्रं पाहून लोक म्हणतात, ‘तो तर आपणहून पडतोय.’ काही प्रमाणात हो, पडतो. सांध्यावरचे पेच पूर्ण विरोधात, पूर्ण जोराने रोज केले तर वर्ग महिन्याभरात दवाखान्यात जाईल, म्हणून जोडीदार साथ देतो. पण ही साथ हळूहळू काढून घ्यावी लागते. पहिल्या वर्षी साथ, तिसऱ्या वर्षी घट्ट पकड आणि खरा वेग, पाचव्या वर्षी आधी न सांगता केलेले हल्ले, एकापेक्षा जास्त माणसं. जिथे दहा वर्षांनीही उके स्वतःच उडी मारतो, तिथे नाच उत्तम होतो, बचाव शिकवला जात नाही. मी असे वर्ग पाहिले आहेत, आणि तिथे मेहनतीने घाम गाळणाऱ्या मुलांबद्दल मला वाईट वाटतं.

दुसरी उणीव ठोशांची. रस्त्यावरचा माणूस शोमेन-उची करत नाही. तो ढकलतो, केस धरतो, एकामागून एक ठोसे मारतो. ऐकिडोत ‘आतेमी’ म्हणजे प्रहार आहे, आणि जुने शिष्य त्याला फार महत्त्व देत. आज अनेक ठिकाणी तो नावापुरता उरला आहे. मी माझ्या वरच्या विद्यार्थ्यांना दोन-तीन महिने बॉक्सिंगच्या वर्गाला पाठवते, तोंडावर येणारा हात बघायची सवय व्हावी म्हणून. सुऱ्याविरुद्धचे डाव आम्ही वर्षानुवर्षं करतो, लाकडी ‘तांतो’ घेऊन. तरी खरा सुरा समोर आला तर मी पिशवी आणि फोन टाकून पळेन, आणि लेकीलाही तुम्ही हेच सांगा.

मग बचावासाठी उरतं काय? अंतर उरतं. ‘मा-आइ’ हा शब्द तिने पहिल्याच महिन्यात ऐकला पाहिजे. समोरच्याला आपल्याला स्पर्श करायला एक पूर्ण पाऊल टाकावं लागेल, एवढी दूरी. पत्ता विचारणारा माणूस त्याहून जवळ आला की आपण अर्धं पाऊल मागे, अंग थोडं तिरकं, दोन्ही हात उघडे छातीसमोर. बघणाऱ्याला हे साधं बोलताना हातवारे केल्यासारखं दिसतं. आमच्यासाठी तो पवित्रा आहे. हे तीन महिन्यांत अंगवळणी पडतं, आणि माझ्या विद्यार्थिनींनी येऊन सांगितलेल्या बहुतेक प्रसंगांत इतकंच पुरलं. जोडीला आवाज. मोठ्याने, पोटातून, ‘मागे व्हा!’ आपल्या मुलींना वर्षानुवर्षं हळू बोलायला शिकवलेलं असतं. वर्गात ओरडायला सांगितलं की निम्म्या मुली हसतात, उरलेल्यांचा आवाजच फुटत नाही. मी हा सराव दर आठवड्याला घेते.

आणखी एक गोष्ट आईला स्पष्टच सांगायला हवी. मुलीला त्रास देणारा अनोळखी गुंडच असेल असं नाही. पोलिसांत नोंदवलेल्या अत्याचाराच्या गुन्ह्यांतही आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. वर्गमित्र, मावसभाऊ, शेजारचे काका. अशा वेळी मुलगी गोठते, कारण तिला सुचणारे पर्याय दोनच असतात: सहन करणं, नाहीतर थेट तोंड फोडणं. काकांचं तोंड फोडायची तिची तयारी नसते, म्हणून ती सहन करते. ऐकिडो या दोहोंच्या मधली जागा देतं. खांद्यावरचा हात शांतपणे काढून वळणं, मनगट सोडवून दोन पावलं लांब उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणं. गरज पडली तर त्याच हालचालीचा पुढचा टप्पा त्याला गुडघ्यावर आणतो. किती पुढे जायचं हे तिच्या हातात राहतं. कायद्यालाही हेच प्रमाण हवं असतं: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची त्यात मुभा नाही.

वर्ग बघायला मुलीबरोबर स्वतः जा आणि पूर्ण वेळ बसा. शिक्षक स्वतः पडतात का, ते बघा. नव्या विद्यार्थ्याला कोण सांभाळतं, थोपटून ‘थांब’ अशी खूण केली की पेच त्या क्षणी सुटतो का, मुलींना मुलांबरोबर सराव देतात का. शिक्षकाने मनगट पिरगाळून आपली करामत दाखवली आणि समोरचा कळवळला तर उठून या. काळ्या पट्ट्याची हमी महिन्यांत देणाऱ्यांपासूनही लांब राहा. आयकिकाईच्या नियमानुसार पहिल्या ‘दान’साठी, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीसाठी, पंधरा वर्षं वय लागतं, आणि पहिल्या ‘क्यू’नंतर, म्हणजे त्याच्या लगेच खालच्या पायरीनंतर, किमान ७० दिवसांचा प्रत्यक्ष सराव. रोज न जाणाऱ्याला तिथवर पोचायला एकूण चार-पाच वर्षं सहज लागतात.

जुलैत शहर बदललं म्हणून सोडायचं कारण नाही. नव्या ठिकाणी वर्ग मिळाला तर ती तिथे पुढे चालू ठेवू शकते, आणि नव्या गावात आठवड्यातून दोन संध्याकाळी ओळखीची माणसं भेटतात हीही एक सुरक्षितताच आहे. पहिल्या दिवशी पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट आणि पायघोळ पॅन्ट चालते, पोशाख दोन महिन्यांनी घ्या. कानातलं, बांगड्या, साखळी घरी ठेवू द्या. हातापायाची नखं बारीक कापून पाठवा, कारण पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी तिचं मनगट धरणार आहे आणि तिलाही कुणाचं तरी धरायचं आहे.